कातिया-अपाची जागा

झिपारला फोन आला तेव्हा ती अंगणात राजम्याच्या वाळक्या वेलांचा ढीग उलटापालटा करत होती. सप्टेंबरात आमच्या तालासच्या खोऱ्यात शाळामास्तर असो की गावप्रमुख, सगळ्यांच्या केसांत राजम्याचा भुसा असतो. झिपार गावप्रमुख होती. नंबर परदेशी दिसला म्हणून तिने जरा सावधपणेच फोन उचलला, तर पलीकडून एक म्हातारा आवाज थेट आमच्या झिदे-साय गावच्या हेलात म्हणाला, "मुकांबेतची पोर ना तू? केरिम बोलतोय. वेल्डर केरिम. विसरलीस वाटतं?"

"आके! तुम्ही? कुठून बोलताय?"

"जर्मनीतून. पण पुढच्या आठवड्यात तुझ्या दारातून बोलेन. एक मेंढरू वेगळं बांधून ठेव. फार जून नको, माझे दात आता माझे राहिले नाहीत." ते हसले, मग आवाज खाली आला. "आईला भेटायचंय ग. या वर्षी आलो नाही तर राहूनच जाईल."

"या की आके. घर तुमचंच आहे," झिपार म्हणाली. फोन ठेवला आणि ती त्या ढिगावरच बसली. सून आतून विचारत होती, कोण होतं, कोण होतं.

केरिम आकेंचं, म्हणजे आमच्या केरिमदादांचं, खरं नाव हाइनरिख विबे. ते आमच्या आज्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून कुणीतरी केरिम केलं आणि तेच राहिलं. एके काळी अर्धं झिदे-साय जर्मनांचं होतं. त्यांच्या पणज्यांच्या वेळेपासून ते इथे होते, आमची भाषा आमच्यासारखीच बोलत, आणि शिव्या तर आमच्यापेक्षा बऱ्या देत. मग देश फुटला आणि ती सगळी माणसं बघता बघता जर्मनीला निघून गेली. त्यांची घरं आम्ही घेतली, सफरचंदाच्या बागा आम्ही घेतल्या. मेलेली माणसं तेवढी त्यांना नेता आली नाहीत. ती आमच्याच कबरस्तानात, फाटकाच्या उजव्या अंगाला, लोखंडी क्रुसांखाली राहिली.

गावचं कबरस्तान सांभाळणं हे कचेरीचं काम. कुंपण, फाटक, वाट, नव्या कबरींसाठी जागा आखून देणं, सगळं गावप्रमुखाच्या माथी. आमचं कबरस्तान टेकडीच्या उतारावर आहे आणि वाट अरुंद. मागे एका हिवाळ्यात बायानच्या वडिलांची मयत नेताना गाडी बर्फावर घसरली. पुढे जाईना, मागे येईना. आत मयत आणि बाहेर माणसं ढकलताहेत, असं दुपारभर चाललं. त्या दिवसापासून गावाने झिपारच्या मागे धोशा लावला: गाडी वळवायला जागा कर, मेल्यावर तरी माणसाला अडकवू नको. झिपारने जिल्ह्याला हेलपाटे घातले आणि बुलडोझर मिळवला. सपाट होण्यासारखी जागा एकच होती, फाटकाच्या उजव्या अंगाची. तिथे रानभांग माणसाच्या उंचीची माजली होती, क्रूस कलले होते, काही आडवे झाले होते. वर्षानुवर्षं तिथे कुणी फिरकलं नव्हतं. कचेरीचा ड्रायव्हर ओरोझाली याने एका दिवसात ते सगळं साफ केलं, क्रूस उपटून अवजारांच्या खोलीमागे रचले आणि वर खडी पसरली. पुढच्या मयतीला गाडी कशी ऐटीत वळली. लोकांनी झिपारला दुवा दिला. देणाऱ्यांत मीही होतो.

पण एक गोष्ट तिने तेव्हा कुणाला सांगितली नाही. जर्मनीत गेलेल्या गावकऱ्यांचा फोनवर एक गट होता आणि झिपार त्यात होती. तिकडून लग्नांचे, नातवंडांचे, बर्फात काढलेल्या गाड्यांचे फोटो यायचे; इकडून ती डोंगरांचे पाठवायची. "तुमच्या माणसांच्या कबरींवरून वाट काढायची म्हणतेय, काय करू?" एवढंच तिथे लिहायचं होतं. तिने लिहिलं नाही. वेळ नव्हता अशातला भाग नाही. विचारलं तर ते नको म्हणतील हे तिला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही.

आणि कातिया-अपा तर तिच्या माहितीची होती. केरिम आकेंची आई, गावची शिंपीण. शाळेतल्या पोरींचे पांढरे एप्रन तीच शिवायची. झिपार स्टुलावर उभी राहायची आणि तोंडात टाचण्या धरून कातिया-अपा दातांतल्या दातांत म्हणायची, "हलू नको, टोचेल." बुलडोझर आला त्या दिवशी झिपारला हे आठवलं नाही, असं नाही. आठवलं होतं. म्हणून तर ती कचेरीचं दार लावून आत बसली होती.

फोनच्या दुसऱ्या दिवशी ती ओरोझालीकडे गेली. तो ट्रॅक्टरखाली पाठीवर पडला होता.

"ओरोझाली, बाहेर ये."

"एजे, तेल गळतंय." गावातले धाकटे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत.

"गळू दे. केरिम आके येताहेत."

तो सरपटत बाहेर आला. "कोणते, वेल्डर? कशाला?"

"आईच्या कबरीला."

ओरोझालीने टेकडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या काळ्या हातांकडे. "मग सांगून टाका ना सरळ."

"काय सांगू? तुमच्या आईच्या अंगावरून आम्ही गाड्या वळवतो, असं सांगू?"

"मी तेव्हाच नको म्हटलं होतं."

"कधी म्हणालास रे?"

"मनात म्हटलं होतं."

"मनातलं मला कसं ऐकू येणार, मेल्या?" झिपार करवादली, आणि लगेच तिचा आवाज बसला. "क्रूस आहेत ना अजून? भंगारात नाही ना दिलेस?"

क्रूस होते. कातिया-अपाचा लगेच सापडला, कारण केरिम आकेंनी तो पाइपाचा केला होता आणि टोकं मेंढ्याच्या शिंगांसारखी वळवली होती. कबरस्तानाच्या वरच्या कोपऱ्यात उंच पॉपलरच्या झाडांखाली थोडी मोकळी जमीन होती. तिथे दोघांनी तो रोवला. ओरोझालीने फाटकाजवळच्या कालव्याकाठचं गवत मुळासकट खणून आणलं आणि भोवती असं बसवलं की जणू कायमचं तिथेच होतं. उतरताना तो म्हणाला, "एजे, हे काम काही बरं झालं नाही."

"म्हाताऱ्या माणसाला शेवटी शेवटी कशाला दुःख द्यायचं?" झिपार म्हणाली. म्हणताना तिला ते खरंच वाटलं.

मग ती शार्शेन-अतांकडे जाऊन आली. अता म्हणजे गावातले सर्वांत वडीलधारे, केरिम आकेंचे लहानपणचे सोबती. "विषय निघालाच, तर जरा सांभाळून घ्या," ती म्हणाली. त्यांनी दाढी चोळली, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

केरिम आके टॅक्सीतून उतरले ते काठी टेकत, पण डोळे तसेच चावट. पहिल्यांदा त्यांनी झिपारच्या अंगणातला मूठभर राजम्याचा भुसा उचलून हुंगला. "आमच्या वेळी इथे तंबाखू होती. तुम्ही लोक सुधारलात, आता गावाला फक्त वात होतो." सगळे हसले. सुनेने चहाची तयारी केली होती, नान, साय, जर्दाळूचा मुरंबा. त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "आल्यावर पितो, पोरी. आधी आई."

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि ते थांबले. पायांखाली खडी होती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "इथेच होतो ना ग आम्ही?"

खरं बोलायला तीच वेळ होती. झिपारने तोंडही उघडलं. बाहेर पडलं ते असं: "नाही आके, वर. त्या झाडांखाली."

"वर?"

"वर. चला, हात द्या."

क्रुसापाशी गेल्यावर त्यांचा चेहरा उजळला. जोडावरून बोट फिरवत ते म्हणाले, "माझंच काम. हा जोड बघ कसा वेडावाकडा. वेल्डिंग चालू असताना वीज गेली होती." ते गुडघ्यांवर बसले, टोपी काढली आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ पुटपुटले. मग गवतावर हात ठेवला. "माती नवी लागतेय."

"पावसात कलला होता. सरळ केला."

"देव तुझं भलं करो, पोरी."

झिपारने मान खाली घातली. म्हातारा उठेना. तो कान देऊन काहीतरी ऐकत होता. "कालव्याचा आवाज येत नाही इथे."

"पाणी कमी असतं या दिवसांत."

पाणी कमी नव्हतं. कालवा दुथडी भरून चालला होता, फाटकापाशी नुकताच दोघांनी ऐकला होता.

"आईला मातीत ठेवलं ना, तेव्हा कालव्याच्या आवाजात प्रार्थनेतला एक शब्द कानावर पडेना. मला पक्कं आठवतं." ते कपाळ चोळू लागले. "की ते बाबांच्या वेळचं? पण बाबा तर इथे नाहीतच."

"झाडं केवढी वाढली ना आके. सगळंच बदललंय. माणसाचा गोंधळ होतो."

"हो," ते शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "गोंधळ होतो." खाली येताना त्यांनी तिचा दंड घट्ट धरला होता. जाताना इतका धरला नव्हता.

संध्याकाळी जेवायला शार्शेन-अता आले, ओरोझाली आला, मलाही बोलावणं होतं. बेशबारमाकची, म्हणजे मांस आणि शेवयांची, परात मधोमध आली, मेंढ्याचं डोकं मानाने केरिम आकेंपुढे ठेवलं गेलं. त्यांनी रीतीप्रमाणे कान कापून झिपारच्या नातवाला दिला, "मोठ्यांचं ऐकत जा," म्हणाले. शार्शेन-अतांना त्यांच्या पहिल्या सायकलीची आठवण काढून छळलं. मग बोलता बोलता ते थबकले.

"शार्शेन, एक सांग. आमच्या कबरी पहिल्यापासून वरच होत्या का रे?"

परातीतली बोटं थांबली. शार्शेन-अतांनी झिपारकडे पाहिलं, मग मांसाकडे. "मला काय विचारतोस," ते म्हणाले, "मला माझी टोपी सापडत नाही, ती डोक्यावर असते."

कुणी हसलं नाही. मीही मान वर केली नाही. ओरोझाली उठून हात धुवायला गेला.

"खरंय," केरिम आके म्हणाले. "आमच्या पेतरचं असंच सुरू झालं. माझा थोरला भाऊ, आठवतोय ना? आधी रस्ते विसरला. मग बायकोचं नाव. शेवटी चमचा हातात घेऊन बघत बसायचा, हे काय असतं म्हणून. लेना, माझी मुलगी, कधीची मागे लागलीय, बाबा, तुमचंही तपासून घेऊ, एकटे राहू नका. मी म्हणायचो, वेडे, मला झिदे-सायचं एकेक दार आठवतं, आईची कबर डोळे मिटून दाखवीन." त्यांनी बोटं पुसली. "मघाशी तिला फोन केला. म्हटलं, तुझंच बरोबर होतं. परत आलो की घराच्या किल्ल्या काढून घे, मला जिथे ठेवायचं तिथे ठेव." मग सगळ्यांकडे पाहून ते हसले. "अरे, खा ना. चरबी थिजतेय."

झिपार दारात चहाची किटली घेऊन उभी होती. तिने आत येऊन सगळ्यांच्या वाट्यांत चहा ओतला. ओतताना एक थेंब बाहेर सांडला नाही, आणि याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

सकाळी ती गोठ्यातून आली तर केरिम आके बागेतल्या बाकावर बसून स्वतःशी बोलत होते. एकेक बोट दुमडत. "पहिलं घर नुरालीचं. मग श्मिटांचं, निळं फाटक. मग शाळेच्या आचारणीचं, तिचा नवरा लंगडा. मग तुमचं. मग..." तिची चाहूल लागली तसे ते ओशाळले. "परीक्षा घेत होतो. बरोबर येतंय का ग?"

झिपारने दुधाची बादली खाली ठेवली. "सगळं बरोबर आहे, आके. कालचंही बरोबर होतं."

"काय कालचं?"

ती त्यांच्या समोर जमिनीवरच बसली आणि तिने सांगितलं. बुलडोझर, खडी, क्रूस, ओरोझालीने आणलेलं गवत. फोनवरचा गट आणि न लिहिलेली ओळ. शार्शेन-अतांना घातलेली गळ. काही झाकलं नाही.

केरिम आके ऐकत होते, पण पहिल्याच वाक्यावर अडकून राहिले होते. "थांब. म्हणजे फाटकापाशीच होती?"

"हो."

"उजव्या हाताला?"

"हो, आके."

"आणि कालवा ऐकू यायचा?"

"अजूनही येतो."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे डोकं शाबूत आहे माझं! अरे देवा!" ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, तसंच हसत त्यांनी खिशातून फोन काढला. "लेनाला सांगतो. म्हणावं, किल्ल्या विसर..." बोट हवेतच राहिलं. हसू हळूहळू उतरत गेलं.

"मग आई कुठे आहे?"

"खडीखाली," झिपार म्हणाली.

ते उठले. काठी तिथेच राहिली. "माझ्या मागे येऊ नको," ते म्हणाले. पण काठीवाचून ते उतारावर पडतील म्हणून ती काठी घेऊन लांबून गेलीच. मी तेव्हा रस्त्यावरून शाळेत शिकवायला निघालो होतो. दोघांचे चेहरे बघून मीही वळलो.

सपाट, सोयीची जागा म्हणून राजमा भरायला आलेला एक परगावचा ट्रक त्या खडीवर उभा होता. ड्रायव्हर पायरीवर बसून कलिंगड खात होता. केरिम आके त्याला शांतपणे म्हणाले, "बाळा, गाडी जरा काढतोस?"

"का काका? कुणाची जागा आहे?"

"माझ्या आईची."

पोराने कलिंगड तसंच टाकून गाडी काढली.

केरिम आके खडीवर उभे राहिले. कालव्याकडे कान करून थोडे पुढे गेले, थोडे मागे आले, फाटकाच्या खांबाकडे पाहिलं, पुन्हा सरकले. मग खाली बसून मोठे मोठे खडे गोळा करून त्यांनी एक लांबट चौकोन मांडला. झिपारने काठी त्यांच्याजवळ ठेवली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"वाट केलीस ते एक वेळ समजेन," ते म्हणाले. "तुम्हाला इथे राहायचंय, तुमची माणसं न्यायचीत. विचारलं असतंस तर मी आरडाओरडा केला असता, आणि मग कदाचित ऐकलंही असतं. पण काल? काल तुझ्या तोंडाकडे बघून मी स्वतःवरचा विश्वास सोडला, झिपार. आणि तू ते बघत होतीस."

"हो."

"बघत होतीस आणि चहा ओतत होतीस."

"हो, आके." तिला रडू आवरेना. "मला माफ..."

"नको." त्यांनी हात वर केला. "मागू नको. मागितलीस तर द्यावी लागेल, आणि आत्ता माझ्याकडे ती नाही."

त्यांची बॅग झिपारच्या घरून ओरोझालीने आणली. शार्शेन-अता स्वतःच्या घराच्या फाटकात उभे होते. "माझ्याकडे ये म्हणायला मला तोंड नाही," ते म्हणाले, "पण ये." केरिम आके आत गेले. दोन म्हाताऱ्यांत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. अतांची बायको म्हणाली, आधी भांडले, मग जेवले.

केरिम आके जाईपर्यंत ओरोझालीने त्या चौकोनातली खडी काढली, खाली माती लागली, तीत त्यांनी दोघांनी मिळून वरून आणलेला क्रूस रोवला. खोलीमागचे बाकीचे क्रूस केरिम आकेंनी एकेक करून पाहिले. नावं वाचली, कोण कसं होतं ते ओरोझालीला सांगितलं, पण कोण कुठे होतं हे त्यांनाही सांगता येईना. ते क्रूस कुंपणाला ओळीने टेकवून ठेवले.

टॅक्सी आली तेव्हा अर्धं गाव जमलं. आमच्यात प्रवासाला निघालेल्या माणसाने घरच्या भाकरीचा घास मोडल्याशिवाय जायचं नसतं. झिपार नान घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती. शेवटी ती पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी नान धरला. केरिम आकेंनी तो पाहिला. एक छोटा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही, कोटाच्या खिशात टाकला आणि गाडीत बसले.

त्या आठवड्यात झिपारने गावाची सभा बोलावली. जे बागेत सांगितलं तेच सभागृहात उभं राहून सांगितलं आणि म्हणाली, "ती जागा बंद करायची. गाड्या बाहेर रस्त्यावर थांबतील. तिथून पुढे खांद्यावर."

एकच गलका झाला. "मग हिवाळ्यात काय, मयत घसरगुंडीवरून न्यायची का?" बायान उठला. "माझ्या बापाची काय दशा झाली ते मी बघितलंय. त्या लोकांचं इथे कोण आहे आता? मतं आम्ही देतो, ते नाही देत."

"कातिया-अपाने तुझ्या आईचा लग्नाचा झगा शिवला होता," शार्शेन-अता जागेवरूनच म्हणाले.

"म्हणून काय मी घसरून मरू?"

"मर की. जागा आहे अजून वर, झाडांखाली."

हशा पिकला, पण राग गेला नाही. झिपार म्हणाली, "मला काढायचं असेल तर काढा. पण खडी काढूनच जाईन." तिला कुणी काढलं नाही. तिच्या जागी बसायला कुणी तयार नव्हतं, हेही त्याचं एक कारण.

खाली कोण कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून यंत्र लावता येत नव्हतं. खडी खोऱ्यांनीच काढावी लागली. सुरुवातीला झिपार आणि ओरोझाली दोघंच होती. राजमा विकून झाल्यावर आणखी काही जण आले. मी दोन-चार रविवार गेलो. झिपार कुणाला बोलवत नव्हती आणि आलेल्याला थँक्यूही म्हणत नव्हती. खालची माती बुलडोझरने आणि गाड्यांनी दगडासारखी झाली होती. तिने तिच्यावर पाणी सोडलं, भुसभुशीत केली, आणि सगळे क्रूस एका ओळीत उभे केले. ते त्यांच्या माणसांच्या डोक्याशी नाहीत, हे येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः होऊन सांगायची. त्या गटावरही तिने सगळं लिहिलं. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी प्रार्थनेचे हात पाठवले, एक बाई नुसतीच गटातून निघून गेली.

फेब्रुवारीत शार्शेन-अता गेले. आदल्या दिवशी बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता. गाडी रस्त्यावर थांबली आणि तिथून आम्ही त्यांना खांद्यावर घेतलं. उतारावर माझा बूट चिखलात राहिला, बायानचा पाय गेला, तिरडी एका बाजूला कलली, सगळे ओरडले, कशीबशी सावरली. बायान दात खाऊन म्हणाला, "झिपारच्या सात पिढ्यांना..." आणि मग मयतीचं भान येऊन थांबला. मयतीबरोबर बायका आमच्यात कबरीपर्यंत येत नाहीत. झिपार इतर बायकांबरोबर खाली रस्त्याशी उभी होती. तिला ऐकू गेलं होतं. परतताना बायान तिच्यासमोरून गेला तेव्हा ती म्हणाली, "पाय मुरगळला का रे?" तो म्हणाला, "मुरगळला." ती म्हणाली, "घरी ये, पट्टी बांधून देते." तो गेला नाही.

केरिम आके जर्मनीत स्वतःच्या घरीच राहतात, अजून एकटेच. हे ओरोझालीकडून कळतं. ते त्याला अधूनमधून फोन करतात, गवताची, कालव्याची, राजम्याच्या भावाची चौकशी करतात. झिपारची करत नाहीत. ओरोझालीने एकदा फोन तिच्यापुढे धरला होता, तिने मान हलवून नको म्हटलं.

आमच्याकडे गुरुवारी कढईत तेल तापवून बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगणारे छोटे तुकडे, तळतात. त्या वासाने मेलेली माणसं तृप्त होतात म्हणतात. तळताना बाई आपल्या माणसांची नावं घेते. झिपार वडिलांचं घेते, आईचं घेते, लहानपणी गेलेल्या भावाचं घेते, आता शार्शेन-अतांचंही घेते. माझी बायको शेजारीण म्हणून तिला मदतीला जाते. ती सांगते, नावं संपल्यावरही झिपार झाऱ्या धरून तशीच उभी राहते. एखाद्या गुरुवारी "कातिया-अपा" म्हणते, अगदी हळू. एखाद्या गुरुवारी ओठ हलतात आणि आवाज येत नाही. मग ती आच कमी करते आणि तळलेलं परातीत काढते.